उधळलेली वरात

फटाक्यांची माळ घोडीच्या मागच्या पायांपासून जेमतेम हातभरावर पेटली, आणि पहिला बार फुटायच्या आधीच सुमेधला कळलं की आता काहीतरी होणार. कसं कळलं ते पुढे त्याला कुणालाच नीट सांगता आलं नाही. डोक्याला कळलं नव्हतं, मांड्यांना कळलं होतं. खोगिराखालचं कोमट, जिवंत अंग एकाएकी आक्रसलं आणि दगडासारखं घट्ट झालं. मग बार फुटला, दुसरा फुटला, आणि मग मोजायला सवडच राहिली नाही. आगाशीच्या मारुतीपुढून निघालेली, बँडच्या दणक्यावर इंचाइंचानं सरकणारी त्याची वरात मधोमध फाटली. पुढे दोर धरून चालणारा नथू घोडीवाला गुडघ्यावर आपटला आणि दोर त्याच्या तळहातातून सर्रकन निघून गेला. मावश्यांच्या पैठण्या, बँडवाल्यांचे लाल कोट, कुणाच्या तरी खांद्यावरचं रडणारं पोर, सगळं एकमेकांत मिसळून मागे पडलं. आईचा आवाज आला, "अगं बाई, धरा! धरा त्याला!" आणि त्यानंतर समोर कुणीच नव्हतं. डांबरी रस्ता होता, कलत्या उन्हाचा पिवळा पट्टा होता, आणि घोडीच्या दोन कानांच्या मधून ते सगळं त्याच्या अंगावर धावत येत होतं.

घोडीवर बसायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. विरारजवळ चंदनसारला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, अंधेरीच्या एका कंपनीत दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकणारा माणूस तो. वॉचमनच्या कुत्र्यापेक्षा मोठ्या जनावराला त्यानं आजवर हात लावलेला नव्हता. पण आईनं, वसुंधराबाईंनी, महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, "आपण साताऱ्याकडची माणसं. नवरदेव गाडीतून उतरला तर काय शोभा!" आणि सुमेध म्हणाला होता, "चालेल." तो सगळ्यालाच चालेल म्हणायचा. शेरवानीला, फेट्याला, बँडला. लग्न मुलीकडे आगाशीला, तिच्या घरच्या केळीच्या वाडीत मांडव घालून, तेही चालेल. फटाक्यांच्या वेळी मात्र त्याची जीभ क्षणभर टाळूला चिकटली होती. पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, मग तेही चालेलच. क्षितिजानं, म्हणजे आज जिच्याशी लग्न लागायचं होतं तिनं, सुरुवातीच्याच एका भेटीत विरारच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात चमचा खाली ठेवून सरळ विचारलं होतं, "तुझ्याकडे चालेल सोडून दुसरा शब्द आहे का रे?" तो हसला होता. ती हसली नव्हती. उत्तराची वाट बघत थांबली होती, आणि तिच्या वाटीतलं आइस्क्रीम वितळत गेलं होतं. आज नथूची नेहमीची पांढरी घोडी लंगडत होती म्हणून तो ही तांबडी घेऊन आला. तीन वर्षांची, कपाळावर पांढरा ठिपका. "किनाऱ्यावर रोज पोरांना फिरवते, गरीब हाय," नथू म्हणाला. जत्रेतून आणली तेव्हा तिची हाडं मोजता येत होती, म्हणून नथूच्या बायकोनं तिचं नाव ठेवलं होतं सुकट. "दादा सुकटीवर बसून सासरी निघाला!" धाकटा भाऊ विघ्नेश ओरडला होता, सगळे खो खो हसले होते, आणि सुमेधही हसला होता, कारण तेही चालण्यासारखंच होतं.

आता एक मोजडी कुठंतरी पडली होती, एक पाय रिकिबीबाहेर लोंबत होता, कमरेची कट्यार दर उडीला बरगडीत रुतत होती आणि दोन्ही मुठींत आयाळ घट्ट धरलेली होती. लगाम सोडून आयाळ कधी धरली ते त्याला आठवेना. बाजाराच्या वळणावर समोरून बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि सुकट जागच्या जागी वळून वाड्यांमधल्या अरुंद वाटेत घुसली. तो पडला नाही. पडायला हवा होता, पण नाही पडला, आणि या नवलाचा विचार करायलाही वेळ नव्हता, कारण केळीची पानं दोन्ही बाजूंनी फडाफड तोंडावर मारत होती, कुठं ओल्या मातीचा वास, कुठं चुलीच्या धुराचा, मग एक विहीर, पांढरा रंग दिलेला क्रूस, दोरीवर वाळणारे कपडे. एका अंगणात लाल लुगड्यातली म्हातारी हातात सूप घेऊन उभी होती. तिनं ते सूप तसंच हवेत उंच धरून आरोळी ठोकली, "पोरा, डोकं खाली! डोकं!" तो आयाळीवर पालथा झाला. वरून आंब्याची आडवी फांदी गेली आणि जाताना त्याचा फेटा मुंडावळ्यांसकट उचलून घेऊन गेली. डोकं थंडगार, हलकं झालं. घामेजलेल्या केसांतून वारा गेला. आणि त्या वाऱ्याबरोबर एक विचार आला, मघापासून तो ज्याला टाळत होता तो. माळ पेटायच्या अगदी आधी, बँड छातीच्या आत वाजत असताना, चारी बाजूंनी मोबाइल वर धरलेले असताना, त्याच्या मनात स्पष्ट आलं होतं: इथून निघून जावं. कुठंही. आणि घोडी निघाली. फटाक्यांनी निघाली की त्याची टाच तिच्या पोटात गेली म्हणून निघाली? त्यानं टाच मारली होती का? पाय आठवत नव्हता. पायाला विचारता येत नाही. मागे मांडवात क्षितिजा हिरवा चुडा भरून बसली असेल, आणि तिचा होणारा नवरा उघड्या डोक्यानं, एका पायात मोजडी घालून वाऱ्यासारखा उलट दिशेनं चालला होता.

मग वाडी संपली. सुरूच्या झाडांचा पट्टा आला आणि गेला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या रांगा आल्या, त्यांच्या मधून घोडी अशी काही गेली की सुके बोंबील दोन्ही गुडघ्यांना खरवडत राहिले आणि कुणा बाईच्या शिव्या मागे मागे विरत गेल्या. आणि एकाएकी सगळं उघडं झालं. समुद्र ओहोटीला लागून लांब गेला होता. ओली वाळू आकाश अंगावर घेऊन चकाकत होती, पलीकडे पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला काळा होऊन बसला होता, आणि सूर्य अजून वीतभर वर होता. टापांचा आवाज बदलला. डांबरावर खडखड होती, मातीत धपधप होती, इथं मात्र आवाज जवळजवळ उरलाच नाही. फक्त तिचा श्वास, भात्यासारखा, आणि त्यात हळूहळू मिसळत गेलेला त्याचा. इतका वेळ तो तिच्यावर आपटत होता. आता कमरेनं काहीतरी ओळखलं आणि आपटणं थांबलं. ती वर गेली की तो वर, ती खाली आली की तो खाली. उथळ पाण्याचे शिंतोडे उडाले, शेरवानी भिजली, ओठांवर खारट चव आली, आणि कुणीतरी मोठमोठ्यानं ओरडतंय असं त्याला ऐकू आलं. हो! हो! हो! तो आवाज त्याचाच होता. तो हसत होता. आयुष्यात इतक्या मोठ्यानं तो कधी हसला नव्हता. चंदनसारच्या फ्लॅटमध्ये इतकं मोठं हसणं मावलंही नसतं. त्याच वेळी भीतीही होतीच, पण ती आनंदापासून वेगळी काढता येत नव्हती. आणि मग त्याला तिसरीच भीती वाटली, जास्त खोल: की आपण सुखात आहोत. वरात मागे टाकून, मुहूर्त मागे टाकून आपण सुखात आहोत, याचा अर्थ काय लावायचा?

अर्थ लावायला सुकटीनं सवड दिली नाही. वाळूत अर्धवट पुरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यानं फुगून उठली, घोडी उजवीकडे गेली आणि सुमेध सरळ गेला. वाळू ओली होती, मऊ होती, तरी श्वास कोंडला. उताणा पडून तो आकाशाकडे बघत राहिला. हात हलले. पाय हलले. गुडघा ठणकत होता पण वाकत होता. उठून बसला तेव्हा घोडी थोड्या अंतरावर उभी होती, चारी पाय फाकवून, मान वर, नाकपुड्या लाल, आणि तिच्या अंगभर बारीक थरथर चालली होती. नथूनं वरातीसाठी तिच्यावर घातलेली झूल एका बाजूला घसरली होती. तिचे आरसे आणि घुंगरू ती हलली की वाजत, आणि वाजले की ती पुन्हा हले. दोर पायांत लोंबत होता. तो एकदा तिच्या टापेखाली आला, तिनं मान उचलली, दोरानं ती खाली खेचली गेली, आणि आपल्यालाच कुणी धरलं असं वाटून ती चमकून मागे सरली. आता ही पुन्हा पळाली तर त्या दोरात अडकून पाय मोडून घेईल, नाहीतर रस्त्यावर जाऊन बसखाली येईल, हे घोड्यांतलं काही न कळणाऱ्या सुमेधलाही दिसलं. तो हात पुढे करून तिच्याकडे गेला. "ये, ये, सुकट, ये." ती तितकीच मागे गेली. तो दोराकडे झेपावला, ती उडी मारून लांब गेली, घुंगरू खणखणले, आणि आधी होतं त्याच्या दुप्पट अंतर पडलं. तिच्या डोळ्यांची पांढरी कड दिसत होती. ती कड त्यानं ओळखली. आरशात नव्हे, आतून.

नालासोपाऱ्याच्या खोलीतली मोरी. दिवाळी. चाळीची पोरं गॅलरीत सुतळी बॉम्ब लावायची आणि सहा वर्षांचा सुमेध पलंगाखाली जाऊन इतका थरथरायचा की पलंगाचे पत्रे वाजत. आई बाहेरून सांगायची, घाबरतोस काय, मुलगा ना तू! बाबा काही सांगायचे नाहीत. रमेशराव तेव्हाही कमी बोलायचे. ते त्याला उचलून मोरीत घेऊन जायचे, दार लावायचे, बादली उलटी करून तिच्यावर बसायचे, त्याला मांडीवर घ्यायचे आणि नळ सोडून द्यायचे. घाबरू नकोस असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते दाराला कान लावून फक्त सांगायचे, "आता एक येईल. मोठा आहे. आला... गेला." मग पुन्हा, "आता एक येईल." बार थांबायचे नाहीत, थरथरही एकदम थांबायची नाही, पण आला आणि गेला यांच्यामध्ये एक जागा तयार व्हायची, तिथं बसता यायचं. पुढे खोली गेली, फ्लॅट आला, बाबा पेपरमागे गेले, आणि बापलेकांत ते शब्द पुन्हा कधी निघाले नाहीत. सुमेध मोठा झाला, म्हणजे थरथर दिसू नये इतपत आत ठेवायला शिकला. फटाक्यांना चालेल म्हणायला शिकला.

तो वाळूत बसला. तिच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. का ते त्याला सांगता आलं नसतं. इतकंच वाटलं की आपल्याकडे सारखं कुणी बघत असलं की आपल्यालाही नकोसं होतं. "आता एक येईल," तो समुद्राकडे बघत म्हणाला. लाट आली, फुटली, फेस पसरला. "आली. गेली." आवाज घोगरा निघाला. "आता एक येईल. लहान आहे. आली... गेली." मागे घुंगरू वाजले, थांबले. तो बोलत राहिला. लाटा सांगून झाल्यावर त्यानं तिला वाटेल ते सांगितलं. की तुझ्यासारखाच मी, की मलाही ती माळ नको होती, की तुझी काही चूक नाही, तुला कुणी विचारलं होतं का, मला विचारलं होतं आणि मी चालेल म्हणालो. बोलता बोलता त्याचा स्वतःचा श्वास खाली बसला, खांदे उतरले. सूर्य पाण्याला टेकला. मध्येच वाळूत टापेचा हलका आवाज झाला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. वळून बघावंसं इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली. तो वळला नाही. आणि मग मानेवर, उघड्या केसांवर, गरम, ओलसर, गवताचा वास असलेला श्वास आला. त्याच्या अंगातून असा काही आनंद सळसळत गेला की तो दाबून ठेवायला त्याला वाळू मुठीत घट्ट धरावी लागली. ती त्याला हुंगत होती. कान, खांदा, शेरवानीची कॉलर. दोर त्याच्या हाताजवळच येऊन पडला होता. त्यानं तो उचलला, पण ओढला नाही. ती दचकली, एक पाऊल मागे गेली. त्यानं दोर सैल सोडला आणि तोही उठून तिच्याबरोबर एक पाऊल गेला. ती थांबली. तोही थांबला. मग तिच्या खांद्याला खांदा लावून, एकेक गाठ चाचपत त्यानं ती घुंगरांची झूल सोडवली आणि खाली पडू दिली. घोडीनं लांब श्वास सोडला, ओठ फुरफुरवले, मान खाली घातली. इतका वेळ ती काय काय वाहत होती ते त्याला तेव्हा कळलं.

तेवढ्यात सुरूच्या झाडांतून विघ्नेशची बाईक आली, मागे नथू. सुमेधनं हात वर केला, "गाडी तिथंच बंद कर!" विघ्नेश धावत आला.

"दादा! लागलं का तुला? अरे, तिकडे काय चाललंय माहितीये? मुहूर्त निघून जातोय. वहिनीचे मामा सगळ्यांना सांगतायत, नवरा पळाला! चल, बस मागे. घोडी नथूमामा आणतील."

नथू लंगडत येत होता. सोलवटलेल्या हाताला रुमाल गुंडाळलेला, दुसऱ्या हातात सुरूची मोडून घेतलेली काठी. त्याचा चेहरा रागानं काळवंडला होता, पण त्या रागाखाली दुसरंच काही होतं. नवरदेव मेला असता तर काय, हे त्याच्या डोळ्यांत अजून होतं. "सरा बाजूला, सायेब. दावतो हिला आता." काठी बघताच सुकट दोर ताणून मागे गेली, पांढरी कड परत दिसली.

"नथूभाऊ, काठी टाका."

"अवो, हिची खोड आताच मोडली नाय तर..."

"टाका आधी."

नथूनं काठी टाकली. मग वाळूत थुंकून म्हणाला, "कोन झक मारायला गेला आनि कच्ची घोडी आनली! उद्या परत धाडतो व्यापाऱ्याकडं. एखाद्याचा जीव घेईल ही." तो रिकाम्या हातानं पुढे झाला, तरी सुकट सुमेधच्या पाठीमागे गेली, आणि त्याच्या खांद्याआडून नथूकडे बघत उभी राहिली.

"दादा, चल ना," विघ्नेश म्हणाला. "सोड तो दोर. लग्न आहे तुझं!"

सुमेधनं बाईककडे पाहिलं. मागे बसायचं, दहा मिनिटांत मांडवात, गुरुजी, मुहूर्त, सगळं जिथल्या तिथं. घोडीचं काय ते तिचं नशीब. सगळे खूश. तोंड उघडलं की नेहमीचा शब्द निघणार होता, तो ओठांपर्यंत आलाही.

"नाही," तो म्हणाला.

विघ्नेशनं त्याच्या बाहीला धरून ओढलं.

"मी हिला घेऊन चालत येतो. आत्ता सोडली तर रस्त्यावर जाऊन मरेल ही. बाबांना फोन लाव. बँड बंद म्हणावं. एकसुद्धा फटाका नाही, आम्ही पोचल्यावरही नाही. गुरुजींना सांग, पुढचा मुहूर्त बघा."

"आणि वहिनीला काय सांगू?"

"सांग, येतोय. चालत येतोय, पण येतोय."

परतीची वाट त्याच्या आयुष्यातली सर्वांत लांब आणि सर्वांत जागी वाट होती. सगळं टोकदार झालं होतं: अनवाणी पायाखालचा प्रत्येक खडा, कुंपणातून निघालेली मांजर, स्कूटरचा दिवा, वाऱ्यावर आपटणारा पत्रा. प्रत्येक गोष्ट घोडीच्या आधी त्याला दिसायला हवी होती, आणि दिसत होती. "आता एक गाडी येईल. आली. गेली." ती थबकायची, कान त्याच्याकडे वळवायची, मग पाऊल टाकायची. विघ्नेश पुढे जाऊन येणाऱ्यांना थांबवत होता; नथू मागे, अंतर राखून. म्हातारीच्या अंगणापाशी ते आले तेव्हा अंधारून आलं होतं. तिनं त्यांना लांबूनच ओळखलं आणि बादली घेऊन वाटेवर आली. आल्बिना तिचं नाव, हे नथूनं तिला हाक मारली तेव्हा कळलं.

"मघाचा उडता नवरा हाच ना?" ती म्हणाली. "पाज तिला पानी. आनि इथंच थांब जरा. आता देवळातली घंटा होईल. जेजूला काय ठाऊक तुझी घोडी घाबरते ते!"

देऊळ म्हणजे तिचं चर्च, दोन वाड्या पलीकडे. सुमेधनं दोर सैल धरला, घोडीच्या खांद्यावर हात ठेवला. "आता एक येईल," तो म्हणाला. "मोठा आहे." घंटेचा पहिला ठोका हवेतून असा आला की त्याच्याच पोटऱ्यांत कळ गेली. सुकटीनं पाणी सोडून मान उंचावली, बादली कलंडली, ती दोराच्या टोकापर्यंत गेली, आणि तो ओढत बसला नाही, तिच्याबरोबर गेला, कडेकडेनं, खांद्यावरचा हात न काढता. "आला. गेला." दुसरा ठोका. तिची कातडी माशी बसल्यासारखी हलली. तिसरा. पाय जमिनीवर नाचत होते पण जमीन सोडत नव्हते. आल्बिनानं छातीवर क्रूस काढला तो स्वतःसाठी की घोडीसाठी कोण जाणे. ठोके संपले. हवेत एक गुंजन राहिलं, मग तेही गेलं. घोडी उभीच होती. ती खाली वाकली आणि सांडलेल्या पाण्याला ओठ लावून फुरफुरली. सुमेधला वाटलं, आता आपण ओरडू, नाचू, या म्हातारीला मिठी मारू. तो काहीच करू शकला नाही. फक्त घोडीच्या ओल्या मानेवर कपाळ टेकवून उभा राहिला. मागून नथूचा आवाज आला, पडलेला, बदललेला. "ऱ्हाऊ दे तिला. लग्नाला परत नाय नेनार. पन ऱ्हाऊ दे."

वाडीच्या वळणावर त्याची वरात होती. लाल कोटवाले वाद्यं पोटाशी धरून कुंपणाला टेकून बसले होते, मावश्या पदर तोंडाला लावून उभ्या, शेकडो माणसं आणि चिटपाखराचाही आवाज नाही. आई पुढे धावली, पण घोडी बघून तिचे पाय आपोआप हळू झाले. ती त्याच्या गालावरची वाळू पुसत राहिली आणि आवाज न करता रडली. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. ते त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागले.

"गेली का रे भीती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

"माझीही कधी गेली नाही," रमेशराव म्हणाले.

सुमेधनं त्यांच्याकडे पाहिलं. मोरीचं दार, नळ, दाराला लावलेला कान. म्हणजे तेव्हा तिथं दोघं लपले होते. पण बाबा पुढेच बघत चालत होते, आणि तोही चालत राहिला.

मांडवाच्या कमानीखाली क्षितिजा उभी होती. नवरीनं असं बाहेर यायचं नसतं, आणि तिची मावशी मागून हेच कुजबुजत तिचा हात ओढत होती. पिवळी साडी, हिरवा चुडा, कपाळावर बाशिंग, आणि चेहरा दगडासारखा. तिनं आधी घोडीकडे पाहिलं, मग त्याच्या अनवाणी पायाकडे, मग त्याच्याकडे.

"पळून गेला होतास?"

सगळी वरात ऐकत होती. खोटं बोलणं अगदी सोपं होतं.

"जाताना माहीत नाही," तो म्हणाला. "घोडीनं नेलं, आणि मला आवडलं. येताना मात्र मी आलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली, त्या आइस्क्रीमच्या दुकानात बघितलं होतं तशी, पण या वेळी ती कसली वाट बघत नव्हती. मग तिनं मावशीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "हिला दुसरं कुणी धरू शकतं का?"

"इतक्यात नाही."

"मग आत घेऊन ये. नारळाला बांध, मांडवातून दिसेल अशी. मामा," ती मागे वळून म्हणाली, "माइक बंद करायला सांगा."

लग्न असं लागलं की आगाशीत तसं कुणी पाहिलं नव्हतं. गुरुजींनी मंगलाष्टकं हलक्या आवाजात म्हटली, माणसं अक्षता मुठीत धरून पुढे सरकली आणि कान देऊन ऐकू लागली. अंतरपाटाच्या अलीकडे सुमेध खारट, ओल्या शेरवानीत उभा होता. त्याच्या अंगाला घोडीचा वास येत होता, आणि पडद्यापलीकडे क्षितिजाला तो येत असणार, कारण ती एकदा जोरात शिंकली आणि पहिल्या रांगेतल्या बायका हसल्या. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली गेला, अक्षतांचा पाऊस पडला, आणि बँडमधल्या एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याच्या ओठांना वर्षानुवर्षांची सवय आवरली नाही. त्याच्या सनईतून एकच सूर, मोठा, धारदार, मांडवभर निघून गेला.

सुमेध गर्रकन वळला. हातातला हार तसाच. त्याच्याबरोबर सगळा मांडव वळला. नारळाच्या झाडाखाली सुकटीनं मान ताठ केली, कान टोकदार झाले, दोर ताणला गेला, मागचे पाय जमिनीत रुतले. तिनं मांडवाकडे पाहिलं, इतक्या माणसांतून नेमकं त्याच्याकडे. आला, तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. कुणी हललं नाही. मग दोर सैल झाला, तिनं एक लांब श्वास सोडला आणि खाली पडलेली केळीची साल हुंगायला लागली.

त्याच क्षणी त्याच्या गळ्यात बाजूनं झेंडूचा गार, जड हार पडला.

"झालं?" क्षितिजा म्हणाली. "आता इकडे बघ."